मंडळीचं मत

लांडश्टूल, १६ जानेवारी

प्रिय लतिका,

जर्मनीत सुखरूप पोचलो. विमानात गुडघ्यांनी थोडी कुरकुर केली, बाकी ठीक.

फोन उचलणार नाही हे तू निघतानाच सांगितलं होतंस, आणि तू बोललीस की तसंच करतेस. म्हणून हाताने पत्र लिहितोय आणि त्याचा फोटो काढून पाठवतोय. पोस्टात टाकलं तर पत्राच्या आधी मीच नगरला पोचायचो. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वाचलंस की मोबाइलवर दोन निळ्या खुणा दिसतात, मला तेवढं पुरे.

देवश्री बारीक झाली आहे. हॉस्पिटलची ड्यूटी, घर, लेक, सगळं एकटीनं ओढते. केस कापलेत, तुला आवडणार नाहीत. रूथ फोटोत दिसते त्याहून उंच आहे. मी मराठीत बोललो की सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "ये गं इकडे" म्हटलं तर आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि लांबलचक काहीतरी विचारलं. देवश्री हसून म्हणाली, "पप्पा, ती विचारतेय तुमच्या कानांत केस का आहेत."

जावयाबद्दल तुला ऐकायचं नाही, तरी थोडं लिहितो. केलेब इथल्या अमेरिकन मुलांच्या शाळेत गणित शिकवतो. कमी बोलतो. भांडी घासतो. मला 'पप्पा' म्हणतो, 'प' जरा फुगवून. तो खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत झोपतो, कारण तो घोरतो आणि देवश्रीला पहाटे ड्यूटी असते.

रविवारी त्यांच्या मंडळीत गेलो. रागावू नकोस. तुझ्या पाळक वडिलांनी देवश्री तान्ही असताना तिच्या कपाळावर घातलेलं बाप्तिस्म्याचं पाणी हिनं इथं दुसरा बाप्तिस्मा घेऊन पुसलं, हे तुझं म्हणणं मी विसरलेलो नाही. पण पाहुणा म्हणून आलोय, रविवारी घरात बसून राहणार होतो का? त्यांचं चर्च म्हणजे एक बंद पडलेलं गालिच्यांचं दुकान आहे. पुढची मोठी काच तशीच आहे. घंटा नाही, वेदी नाही, कोपऱ्यात ड्रम. माणसं मात्र प्रेमळ. बहुतेक अमेरिकन. काही जवळच्या हवाई तळावर काम करणारे, काही निवृत्त होऊन इथंच राहिलेले. कोणाच्या बायका फिलिपिन्सच्या, कोणाच्या घानाच्या.

उपासना संपल्यावर कॉफी असते आणि कॉफीबरोबर सध्या एकच विषय. अमेरिकेत खऱ्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोण हे साध्या मतदारांनी मत देऊन ठरवायचं असतं. ही माणसं इथून पोस्टानं आपापल्या राज्यात मतं पाठवतात. यांच्या पक्षात दोघं उरलेत. एक सिनेटर: दर रविवारी चर्चला जाणारा, एकच बायको, शिवी नाही, लबाडी नाही, पण भाषण ऐकताना झोप येते आणि जिंकेल असं कोणालाच वाटत नाही. दुसरा गव्हर्नर: दोन घटस्फोट, तोंडाळ, पण विश्वासणाऱ्यांना हवं ते सगळं करून दाखवीन म्हणतो आणि जिंकणारा दिसतो. चांगला माणूस निवडायचा की कामाचा, यावर ही मंडळी इतकी कासावीस झाली आहे की केक कापताना सुद्धा कोण कोणाच्या बाजूला उभं आहे ते दिसतं.

त्यांच्या मंडळीचे एक वडील आहेत, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ, वेंडेल नावाचे. हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. उंच, जाड आवाजाचे. 'हिवाळे' त्यांच्या जिभेला जमत नाही. मला म्हणाले, "मिस्टर हिवाळी, मला देशासाठी पाळक नकोय. दारावर पहारेकरी हवाय."

मी मान हलवली. पाहुण्यानं काय करायचं?

औषधं घेतोय. तू तुझी घे.

तुझा,
दिनकर

२५ जानेवारी

प्रिय लतिका,

तुझा मेसेज मिळाला. "केलेब घोरत नाही. खरं लिहा." इतक्या दिवसांत तुझी एक ओळ आली आणि तीही तपासणीची. पण आली, त्याचं बरं वाटलं.

खरं लिहितो.

मी यायच्या आधी, डिसेंबरात, यांच्या घरी प्रार्थनेचा गट जमला होता. प्रार्थना संपल्यावर वेंडेलनी सांगितलं, अमेरिकेतल्या मंडळ्या एकत्र येऊन गव्हर्नरला पाठिंबा देणारं पत्र काढताहेत, त्यात परदेशातल्या आपल्या मंडळीचंही नाव जायला हवं. कोण कोण बरोबर आहे? हात वर करा. एकेक हात वर गेला. देवश्री चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत केलेबचा हात वर गेला.

यात तिला एवढं काय लागलं, तर तो गव्हर्नर म्हणतो की अमेरिकन माणसांनी परदेशी बायका-नवरे करून आणायचे हे मी बंद करणार. येत्या उन्हाळ्यात केलेबची इथली नोकरी संपते. ओहायोला त्याच्या गावी जायचं ठरलंय. देवश्रीच्या अमेरिकेत राहण्याच्या कागदांची मुलाखत मार्चमध्ये फ्रँकफर्टला आहे. आणि नवऱ्यानं हात वर केला, तो तिला दारातून परत पाठवीन म्हणणाऱ्या माणसासाठी.

तिनं त्या दिवशी ट्रे खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी केलेबची उशी केलरमध्ये नेऊन ठेवली.

हे सगळं तिनं मला बटाटे सोलताना सांगितलं. मी विचारलं, "मग आता?"

"आता काही नाही, पप्पा. त्यानं ओहायोला जावं. मी आणि रूथ इथंच राहू. हॉस्पिटल मला कायम करायला तयार आहे. मी विचारून ठेवलंय."

"केलेबला सांगितलंस?"

"तो विचारत नाही, मी सांगत नाही."

लतिका, मला भीती वाटली. भांडणाची नाही वाटत, भांडण मिटतं. या पोरीचा आवाज अगदी सपाट होता. आपल्या घरात असा आवाज मी एकदाच ऐकलाय, सहा वर्षांपूर्वी, आणि तो कोणाचा ते तुला माहीत आहे.

तू विचारशील, त्या वेंडेलला घरात घेतात कशाला? तेही सांगतो, तुला ऐकायला जड जाईल. रूथ दिवस भरायच्या आत जन्मली तेव्हा काचेच्या पेटीत होती. केलेबला शाळा. या घरात तेव्हा कोणी बाईमाणूस नव्हतं. वेंडेलची बायको डोना रोज बसनं यायची. देवश्रीला न्हाऊ घालायची, सूप करायची, रूथला घरी आणल्यावर मांडीवर घेऊन बसायची. वेंडेल पाळणा दुरुस्त करून घेऊन आले, पडदे लावले, बागेतला बर्फ काढला. रूथ त्या दोघांना आजी-आजोबांच्याच ठिकाणी मानते.

तुला दोष देत नाही. जे झालं ते लिहिलं.

दिनकर

५ फेब्रुवारी

प्रिय लतिका,

या खेपेला खुणा निळ्या झाल्या आणि तू काहीच लिहिलं नाहीस. ठीक आहे.

इकडे मी एक उद्योग करून बसलोय.

शनिवारी केलेबबरोबर जंगलात फिरायला गेलो होतो. इथं गाव संपलं की जंगलच. मग मीच इंग्रजीत म्हटलं, "देवश्रीनं मला हाताचं सांगितलं."

तो थांबला. बुटानं बर्फ उकरत राहिला. म्हणाला, "पप्पा, मी सिनेटरला मत देणार आहे. पहिल्यापासून."

"मग हात?"

"वेंडेल माझ्याकडे बघत होते. रूथ पेटीत होती तेव्हा हा माणूस रात्रभर माझ्या शेजारी बाकावर बसायचा. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. त्यानं हात मागितला आणि मी... माझा हात आपोआप वर गेला. मग देवश्री दिसली."

"तिला हे सांगितलंस का?"

"काय सांगू? की एका म्हाताऱ्याला नाही म्हणता आलं नाही, म्हणून तुझ्याविरुद्ध उभा राहिलो? हे ऐकून तिला बरं वाटेल का?"

खरं तर बरं वाटलं नसतं.

आणि काल रविवारी उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. पास्टर ब्रेंट तरुण आहे, घरात तान्हं मूल, डोळ्यांखाली काळं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, पुढच्या रविवारी पत्रासाठी उभं राहून सगळ्यांचा कौल घ्यायचा असं वेंडेल म्हणताहेत, आणि त्यानंतर मंडळी राहते की फुटते या काळजीनं मला झोप येत नाही. मी सहज बोलून गेलो, "मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केली. पुष्कळदा केंद्राध्यक्ष होतो. उभं राहून मत घेतलं तर माणूस शेजाऱ्याचं तोंड बघून मत देतो. कागदावर घ्या, आडोशाला."

त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पोरगा माझ्या गळ्यात पडतोय. त्यानं टेबलावर चमचा वाजवला आणि तिथल्या तिथं जाहीर केलं: मिस्टर हिवाळे आपली निवडणूक घेतील. ते अमेरिकन नाहीत, कोणाच्या बाजूचे नाहीत आणि एप्रिलच्या आत परत जाणार आहेत.

वेंडेलनी विरोध केला नाही. गव्हर्नर जिंकणार याची त्यांना खात्री आहे. एकच म्हणाले, "मत फक्त अमेरिकन नागरिकांनी द्यायचं."

मी विचारलं, "पत्र कोणाच्या नावानं जाणार?"

"मंडळीच्या."

"मग मत मंडळी देईल."

टेबलाच्या टोकाला घानाच्या दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. देवश्री माझ्याकडे बघत होती. वेंडेल थोडा विचार करून म्हणाले, "ठीक. न्याय्य आहे."

मग मी म्हटलं, कागदावर तीन ओळी असतील. गव्हर्नर, सिनेटर, आणि तिसरी: मंडळीच्या नावानं पत्र जाऊ नये. आमच्याकडे मशीनवर सगळ्यात खाली तसं बटण असतं. वेंडेल म्हणाले, "तिसरा उमेदवार नाहीये तो." तेव्हा पास्टर ब्रेंट, खांद्यावर लेकरू टाकलेला, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलला, "मला ती ओळ हवी आहे."

तू म्हणशील, दुसऱ्याच्या घरात कशाला लुडबुड. माझंही मन तेच म्हणतंय. मंडळी फुटली तर लोक म्हणतील, हिंदुस्थानातून एक म्हातारा आला आणि चर्च मोडून गेला.

माझ्यासाठी प्रार्थना कर. आपल्या चर्चमध्ये बसून केलीस तरी इथं पोचेल.

दिनकर

१२ फेब्रुवारी

लतिका,

झालं. घाईघाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

आडोसा म्हणून रविवारच्या शाळेतला कठपुतळ्यांचा लाकडी रंगमंच मिळाला, लाल पडद्याचा. तो मुलांच्या उंचीचा, त्यामुळे प्रत्येकाला गुडघे टेकूनच मत द्यावं लागलं. पेटी म्हणून रूथच्या बुटांचा खोका, सगळ्यांसमोर उघडा दाखवून चिकटपट्टीनं बंद केला. शाई नव्हती. डोनानं पर्समधून नखाला लावायचं गुलाबी पॉलिश काढलं. हवाई दलात आयुष्य काढलेले बाप्ये एकेक येऊन डावं बोट पुढं करत होते आणि डोना मान खाली घालून रंगवत होती. मला हसू आवरेना. पण मी केंद्राध्यक्ष, हसून कसं चालेल?

देवश्रीनं मत दिलं. ती इथली नागरिक नाही, अमेरिकेची नाही, आणि नगरला मत द्यायला ती नसतेच. पडद्यामागून उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, गुडघ्यांवरची धूळ झटकत होती.

वेंडेलना वाकायला त्रास झाला. केलेबनं हात दिला, त्यांनी तो घेतला.

मग मोजणी. एकेक कागद उघडून मी मोठ्यानं वाचायचा, पास्टरला दाखवायचा आणि ढिगात ठेवायचा. पहिले काही गव्हर्नरचे आले. वेंडेलनी हाताची घडी घातली. मग एक तिसऱ्या ओळीचा. पुन्हा एक. मग सलग. सिनेटरचा ढीग अगदीच लहान राहिला. गव्हर्नरचा बऱ्यापैकी. आणि तिसरा वाढत गेला, वाढत गेला, शेवटी कलंडला. ज्यांनी डिसेंबरात हात वर केले होते त्यांच्यातल्याही पुष्कळांनी आता लिहिलं होतं, पत्र नको.

मी म्हटलं, "निकाल जाहीर झाला आहे." दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात डोना हसली. तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग डोळे पुसत. म्हणाली, "देवा, मला वाटलं मी एकटीच." आणि मग सगळं दुकान हसायला लागलं. कोणीतरी कोणाला मिठी मारली. पास्टर ब्रेंट खुर्चीवर बसला तो बसलाच. अगं, ही माणसं एकमेकांना इतकी घाबरून होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे सगळे ठाम आहेत.

वेंडेल हसले नाहीत. टोपी घेतली आणि बाहेर गाड्यांजवळ जाऊन उभे राहिले. हसणं हळूहळू थांबलं. आता काय, असं सगळ्यांच्या तोंडावर.

केलेब उठला. कोट न घालता बाहेर गेला.

मोठ्या काचेतून आम्हाला दोघंही दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. सगळे कॉफी ओतल्यासारखं करत तिकडेच बघत होते. देवश्री उघडच बघत होती. केलेब बोलत होता, हात खिशात, मान खाली. मग त्यानं मान वर केली आणि बोलला. वेंडेल हलले नाहीत. मग वेंडेल काहीतरी म्हणाले, गाडीचं दार उघडलं, आतून एक जाड जाकीट काढून केलेबला दिलं आणि गाडी सुरू करून निघून गेले. डोनाला आम्ही घरी सोडलं.

परतताना देवश्री पुढं बसली होती. गाडी सुरू झाल्यावर केलेब म्हणाला, "मी त्यांना सांगितलं."

"काय?"

"की त्या दिवशी मी खोटा हात वर केला. की मी त्यांच्या माणसाला मत देणार नाही, कारण तो माझ्या बायकोला नको म्हणतो. आणि हे मी त्याच दिवशी, तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं."

देवश्री खिडकीबाहेर बघत राहिली. डोना माझ्या शेजारी श्वास रोखून बसली होती. मीसुद्धा.

मग देवश्री म्हणाली, "मला आधी सांगायचंस ना रे." मराठीत. त्याला 'आधी' आणि 'सांग' कळलं असावं. तो म्हणाला, "हो."

"गाडी हळू चालव," ती म्हणाली, "रस्त्यावर बर्फ आहे."

आज सकाळी मी चहा करायला उठलो तर केलरच्या खोलीतली गादी गुंडाळून ठेवलेली होती.

मला किती हलकं वाटतंय हे लिहून सांगता येत नाही. तुला इथून मोठ्यानं हाक मारावीशी वाटते.

दिनकर

१७ फेब्रुवारी

प्रिय लतिका,

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो आणि तिथंच थांबलो. देवश्रीचा फोन वाजला, तिनं नाव वाचलं आणि मटकन पायरीवर बसली. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो." "नाही." "हो, मम्मी." "पाच पूर्ण." "जर्मन, पण समजतं सगळं." "नाही गं, अजिबात नाही." मग नुसतं नाक ओढणं. शेवटी, "आजोबांनी दिलेला बाप्तिस्मा मी कधीच खोटा म्हटला नाही. तो मला आठवत नाही, एवढंच." तू त्यावर काय म्हणालीस मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं दोन अंडी फोडली आणि रूथसाठी ऑम्लेट केलं, मग स्वतःसाठीही केलं. तिला बसून नीट खाताना मी इथं आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

तू डोनाचा नंबर मागितलास हेही मला तिच्याकडूनच कळलं. डोना मला म्हणाली, "तुमच्या मिसेसनी फोन केला. त्या त्यांच्या भाषेत बोलल्या, मी माझ्या. मग दोघीही रडलो. छान बोलणं झालं." तुझं इंग्रजी एवढं वाईट नाही, लतिका. पण असू दे.

आता वेंडेलचं. बुधवारी संध्याकाळी ते आले. देवश्री ड्यूटीवरून यायची होती. मी दार उघडलं. बसले, टोपी गुडघ्यावर.

"मिस्टर हिवाळी, एक सरळ विचारतो. ही माणसं मला घाबरतात का?"

मी म्हटलं, "घाबरत नाहीत. तुम्ही प्रत्येकासाठी काही ना काही केलेलं आहे. तुम्हाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं."

"म्हणजे तेच."

"तेच नाही. घाबरत असते तर परवाच्या रविवारी तुमच्या नावानं टाळ्या वाजवल्या असत्या, हसले नसते."

त्यांनी थोडा विचार केला. "केलेबनं मला तोंडावर सांगितलं. माझ्या स्वतःच्या मुलानं कधी सांगितलं नाही. तो नुसता यायचा बंद झाला."

एवढ्यात देवश्री आली. कोट काढता काढता थबकली. वेंडेल उभे राहिले. म्हणाले, "मी माझं मत पोस्टात टाकलंय. गव्हर्नरला. तुझ्यापासून लपवणार नाही."

"अंकल, तो मला आत येऊ देणार नाही म्हणतो."

"तो तुझ्यासारख्यांबद्दल बोलत नाहीये."

"माझ्यासारख्यांबद्दलच बोलतोय. मीच ती परदेशी बायको."

लतिका, तुझ्या लेकीचा आवाज सपाट नव्हता. थरथरत होता, पण जिवंत होता. वेंडेल म्हणाले, "तर मग तेवढ्या गोष्टीत तो चुकतोय. आणि तुझ्या मुलाखतीला साक्षीचं पत्र लागत असेल, तर मी देतो. हे लग्न खरं आहे हे मला माहीत आहे. तिथं येऊन उभं राहायला सांगितलं तरी येईन."

"मत मात्र बदलणार नाही?"

"नाही."

देवश्री हसली. रडतही होती. "बसा," म्हणाली, "चहा टाकते. आल्याचा. डोनाला सांगू नका साखर किती घातली ते."

तो माणूस चहाचे दोन कप पिऊन गेला. मला अजून कळत नाही की एकाच माणसाच्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा राहतात. पण राहतात, मी बघितल्या. जाताना ते माझ्याशी जोरात हात मिळवून म्हणाले, "तुमच्या त्या तिसऱ्या ओळीनं माझं पत्र बुडवलं." आणि थोडं थांबून, "मंडळी वाचली बहुतेक."

दिनकर

७ मार्च

प्रिय लतिका,

मी फोनवर असते तरी पत्र का लिहिता असं परवा विचारलंस. सवय लागली, दुसरं काही नाही. आणि काही गोष्टी बोलताना माझ्या तोंडून निसटतात.

काल सकाळी उठलो तर निकाल आले होते. एका दिवसात पुष्कळ राज्यांनी मत दिलं आणि बहुतेक ठिकाणी गव्हर्नर जिंकला. केलेब मोबाइल बघत बसला होता. मला वाटलं घरात पुन्हा काळोख होतो की काय. पण देवश्रीनं त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "हं. आल्झो," म्हणजे 'बरं तर', "अजून खरी निवडणूक व्हायची आहे," आणि रूथचे मोजे शोधायला गेली. सिनेटरनं संध्याकाळी हार मान्य केली. भाषण चांगलं केलं म्हणे. केलेब म्हणाला, याआधी असं बोलला असता तर.

आणि कागदांचं काम झालं. सोमवारी फ्रँकफर्टला मुलाखत होती. वेंडेल कोट-टाय घालून गाडीत बसले आणि त्यांना कोणी आत बोलावलंसुद्धा नाही. काचेच्या खिडकीपलीकडच्या बाईनं देवश्रीला थोडेसेच प्रश्न विचारले. लग्न कुठं झालं, नवरा सकाळी काय खातो, तुमचं पहिलं भांडण कशावरून झालं. देवश्री म्हणते, शेवटच्या प्रश्नाला ती आणि केलेब दोघं एकदम हसले आणि त्या बाईनं शिक्का उचलला. बाहेर येऊन देवश्रीनं मला सांगितलं तेव्हा मी तिथंच फुटपाथवर प्रभूचे आभार मानले. लोक वळून बघत होते. बघू देत.

पास्टर ब्रेंटची मंडळी जागेवर आहे. एक कुटुंब सोडून गेलं, गव्हर्नरच्या बाजूचं. एक सिनेटरच्या बाजूचंही रुसलंय, पण येतंय. बाकीचे केक खाताहेत. गेल्या रविवारी माझ्यासाठी निरोपाची प्रार्थना केली, ती वेंडेलनीच चालवली. लांब होती, पण निवडणुकीचं नाव नव्हतं.

आता आमचं येणं. ईस्टर नगरलाच करायचा असं ठरलंय. देवश्री आणि रूथ माझ्याबरोबर येताहेत, केलेब शाळेला सुट्टी लागली की मागून. देवश्री म्हणते, गुड फ्रायडेला आजोबांच्या चर्चमध्ये जाऊ, तिथल्याच बाकावर बसू. बाप्तिस्म्याचा विषय तुम्ही मायलेकी काढा किंवा काढू नका. मी मध्ये पडणार नाही, एवढं आधी सांगून ठेवतो. निवडणुकीची कामं मी आता बंद केली आहेत.

काल बॅगा भरताना मी तिला विचारलं, "सहा वर्षांनी मम्मीसमोर उभी राहशील. पहिलं काय म्हणशील?"

तिनं रूथचे कपडे घडी करता करता विचार केला. मला वाटलं, आता काहीतरी जड बोलेल. म्हणाली, "काही नाही, पप्पा. भूक लागली म्हणेन."

तेव्हा कळवतो, की बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही घरी पोचू आणि आम्हाला भूक लागलेली असेल.

तुझा,
दिनकर